रिपोर्ट नॉर्मल, दुखणं खरं

कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सकाळी तासभर बसलं, की एक तक्रार पुन्हापुन्हा कानावर येते. हातात केसपेपर घेतलेली बाई डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर टेकते आणि आवाज खाली घेऊन सांगते, "अंगावरून पांढरं जातं. कंबर धरते. हातापायांत त्राण म्हणून उरलं नाही." मागे रांग ताटकळलेली असते. डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून बघतात, पाळीबद्दल विचारतात, लोहाच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्स आणि एखादं अँटिबायोटिक लिहून देतात. पंधरवड्याने तीच बाई तीच तक्रार घेऊन येते. तोवर केसपेपर घड्या पडून मऊ झालेला असतो. कधी रक्त-लघवी तपासली जाते, कधी सोनोग्राफीही होते आणि रिपोर्ट नॉर्मल येतो. मग घरचे म्हणतात, काही झालेलं नाही हिला, कामाचा कंटाळा आहे नुसता.

या तक्रारीचा माग गोव्यातल्या संशोधकांच्या एका गटाने वर्षानुवर्षं काढला. सुरुवात झाली तेव्हा त्यांच्यासमोर एक साधा वैद्यकीय प्रश्न होता. उत्तर मात्र प्रयोगशाळेच्या भिंतींबाहेर निघालं. आणि गंमत नव्हे, वेदना अशी की त्यातलं बरंचसं उत्तर त्या बायकांनी स्वतःच सांगून ठेवलेलं होतं.

पण गोव्याच्या आधी गडचिरोलीला जायला हवं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. बायकांची दुखणी म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच तेव्हाच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेची समज होती. राणीताईंनी वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि जगभरच्या तज्ज्ञांना धक्का बसला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, एकेकीला सरासरी ३.६ विकार होते, आणि त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या बायका जेमतेम ८ टक्के होत्या. गावोगाव बायका केवढं दुखणं अंगावर काढत होत्या, ते या अभ्यासाने पहिल्यांदा आकड्यांत मांडलं. मराठी मुलखात झालेल्या या कामाला जागतिक आरोग्याच्या इतिहासात मानाचं पान आहे.

त्यानंतरच्या दशकात जनन-मार्गाच्या संसर्गांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. एड्सची भीतीही होतीच. जागतिक आरोग्य संघटनेने प्रयोगशाळा नसलेल्या ठिकाणांसाठी एक सोपी पद्धत पुढे आणली: लक्षणं विचारायची आणि त्यांवरून संसर्ग धरून औषध द्यायचं. बाई म्हणाली पांढरं जातंय, तर या गोळ्या. जिथे सूक्ष्मदर्शकसुद्धा नाही तिथे दुसरं करणार तरी काय? पद्धत वाईट नव्हती. तिच्या पोटात एक गृहीत मात्र दडलेलं होतं: पांढरं जाण्याची तक्रार म्हणजे संसर्ग. हे गृहीत कोणी तपासून पाहिलं होतं का?

ते तपासायला पुढे आलेला माणूस स्त्रीरोगतज्ज्ञ नव्हता, मनोविकारतज्ज्ञ होता. डॉ. विक्रम पटेल मुंबईत वाढले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकले, पुढे ऑक्सफर्ड आणि लंडनला गेले. १९९० च्या दशकात ते झिम्बाब्वेतल्या हरारेला संशोधनासाठी पोचले ते एक ठाम मत घेऊन. नैराश्य हा आजार म्हणून पाश्चात्त्यांनी रंगवलेला आहे, गरीब देशांत माणसं खचतात ती गरिबीमुळे आणि अन्यायामुळे, त्याला रोगाचं नाव देणं चूक, असं त्यांना तेव्हा वाटत होतं. हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितलं आहे. हरारेच्या दवाखान्यांत आणि पारंपरिक वैद्यांच्या दारात ते महिनोन्महिने बसले. लोक तिथे डोकेदुखी घेऊन येत, थकवा घेऊन येत, झोप लागत नाही म्हणून येत. थोडं खोलात शिरून विचारलं की कळे, विचार थांबत नाहीत, कशातच जीव रमत नाही, जगून काय करायचं असं वाटतं. लंडनच्या रुग्णालयात ज्याला नैराश्य म्हणत, त्याच्याशी हे सगळं जुळत होतं. फरक होता तो दाराचा. लंडनचा रुग्ण मनाच्या दारातून आत येई, हरारेचा शरीराच्या. पटेलांनी आपलं मत सोडलं. तिथल्या लोकांच्या बोलीतल्या लक्षणांवरून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोना भाषेत एक प्रश्नावली बांधली.

आणखी एक गोष्ट त्यांनी तिथून सोबत आणली. त्या अख्ख्या देशात मनोविकारतज्ज्ञ मोजायला हाताची बोटं पुरत. म्हणजे आजार ओळखता आला तरी बरं कोण करणार, हा प्रश्न उभाच होता. त्याचं उत्तर पुढे गोव्यात शोधलं गेलं.

१९९६ मध्ये पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात 'संगत' ही संस्था काढली. त्यांच्या आरोग्य केंद्रांतल्या सुरुवातीच्या कामात एक धागा वारंवार हाती लागत होता: खचलेल्या, चिंतेने पोखरलेल्या बायका अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार फार करतात. आपल्याकडच्या कुठल्याही अनुभवी नर्सला हे नवं वाटणार नाही. पण नर्सचा अनुभव मार्गदर्शक पुस्तिकेत जात नाही. पुस्तिका बदलायची तर मोजून दाखवावं लागतं.

म्हणून २००१ मध्ये उत्तर गोव्यातल्या हळदोणे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या परिसरात एक मोठा अभ्यास सुरू झाला. लंडनच्या स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिनचे संशोधक सोबत होते. दवाखान्यात येणाऱ्या बायकांवर भिस्त ठेवली असती तर आजारीच भेटल्या असत्या. त्यामुळे गावांतल्या यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारख्या ३००० बायका निवडल्या गेल्या. घरी जाऊन त्यांना विचारलं गेलं. २४९४ जणी तयार झाल्या. पांढऱ्या पाण्याविषयी, नवऱ्याच्या मारहाणीविषयी, अंथरुणातल्या जबरदस्तीविषयी प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासाला दर सहा बायकांमागे पाच जणींनी होकार द्यावा, हे मला या सगळ्या गोष्टीतलं मोठं आश्चर्य वाटतं. कुणीतरी दाराशी येऊन नीट विचारायचीच त्या वाट पाहत होत्या की काय?

प्रत्येकीकडून दोन प्रकारची माहिती घेतली गेली. एक प्रयोगशाळेची: योनीस्रावाचे किंवा लघवीचे नमुने आणि रक्तातलं हिमोग्लोबिन. दुसरी बोलण्यातून मिळणारी: शरीराच्या तक्रारी, झोप, चिंता, उदासी, घरातलं कर्ज, निर्णयात आपला वाटा किती, नवऱ्याची वागणूक. आणि तक्रार करणारीला आणखी एक प्रश्न: हे कशामुळे होतंय असं तुम्हाला वाटतं?

नमुने तपासून झाले. कुठला ना कुठला संसर्ग २८.३ टक्के बायकांत सापडला. त्यातले बहुतेक संसर्ग योनीमार्गात एरवीही असणाऱ्या जंतूंचा समतोल ढळल्याने होणारे होते. शरीरसंबंधातून पसरणारे आजार होते ४.२ टक्के. पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या होत्या १४.५ टक्के. आता कळीचा हिशेब: ज्यांची तक्रार आहे त्यांनाच संसर्ग आहे का? तसा मेळ बसेना. संसर्ग असूनही काहीच तक्रार नसलेल्या बायका होत्या, आणि तक्रार असून संसर्गाचा पत्ता नसलेल्याही होत्या. तक्रारीशी सगळ्यांत घट्ट जोडलेलं जे निघालं ते होतं मनावरचं ओझं. ज्या बायकांत नैराश्य आणि चिंतेची लक्षणं होती, ज्यांचं अंगही इतर जागी दुखत होतं, त्यांच्यात ही तक्रार ठळकपणे जास्त होती.

आणि त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर? हे कशामुळे होतंय, असं विचारल्यावर ३६.६ टक्के बायकांनी सांगितलं: ताण, काळजी, मनाला लागलेल्या गोष्टी. ३५.२ टक्के म्हणाल्या, अंगात उष्णता वाढली. जंतुसंसर्गाचं नाव घेणाऱ्या ३०.५ टक्के, म्हणजे तिसऱ्या क्रमांकावर.

जंतूंचा शोध घेणारी अत्याधुनिक यंत्रं, अनेक पातळ्यांची सांख्यिकी, दोन खंडांतले तज्ज्ञ आणि निष्कर्षाचा अर्धा भाग बायकांच्या तोंडी आधीपासून होता. माझ्या मते या शोधाचा गाभा इथे आहे. त्यांना ठाऊक होतं. त्यांना स्टुलावर बसवून हे विचारणारं कुणी नव्हतं.

याच बायकांच्या माहितीतून दुसरा अभ्यास निघाला, तो २००५ मध्ये 'बीएमजे'त आला. विषय होता थकवा. आपल्याकडे बाईला थकवा आला की पहिला संशय रक्तावर, आणि तो संशय रास्तही आहे, कारण रक्तक्षय आपल्या बायकांत खरोखरच फार आहे. या गावांत १२.१ टक्के बायका दीर्घकाळच्या थकव्याची तक्रार करत होत्या. संशोधकांनी त्यांचं हिमोग्लोबिन न थकलेल्या बायकांशी ताडून पाहिलं. संबंध सापडला नाही. सापडला तो पुन्हा चिंता आणि नैराश्याशी. त्याखालोखाल कमी शिक्षणाशी, घरावरच्या कर्जाशी, नवऱ्याकडून होणाऱ्या लैंगिक जबरदस्तीशी. याचा अर्थ लोहाच्या गोळ्या बंद करा असा कुणी घेऊ नये. रक्त कमी असेल तर गोळ्या हव्यातच. पण गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन वाढलं आणि थकवा तसाच राहिला, तर ती बाई खोटारडी ठरत नाही. तिच्या थकव्याचं मूळ रक्तात नव्हतंच.

एक शंका इथे कुणालाही येईल. दुखतंय म्हणून मन खचलं, की मन खचलं म्हणून दुखतंय? एकदाच केलेल्या पाहणीतून याचा निवाडा होत नाही. म्हणून गोव्याच्या गटाने याच बायकांना काळाच्या अंतराने पुन्हा गाठलं, आणि तक्रारीमागे मनाचा आणि घरच्या परिस्थितीचा वाटा असल्याचं पुन्हा दिसलं. दोन्ही दिशांनी वाहतूक चालते, हेच बहुधा खरं आहे.

दुःखाने कंबर कशी दुखते, हे विचारणाऱ्याला आज शरीरशास्त्र बऱ्यापैकी उत्तर देऊ शकतं. १९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी एक सिद्धांत मांडला: वेदनेचा संदेश जखमेपासून मेंदूपर्यंत सरळ तारेने जात नाही. पाठीच्या कण्यात त्याला एक फाटक लागतं आणि ते फाटक किती उघडायचं याचे हुकूम मेंदूकडून खालीही येतात. पुढच्या संशोधनाने तपशील बदलले, पण वरून खाली येणाऱ्या या मार्गाची गोष्ट टिकली. त्या मार्गावर सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनालिन ही रसायनं काम करतात, आणि नैराश्यात बिघडणाऱ्या यंत्रणांशी त्यांचाच जवळचा संबंध आहे. फाटक सैल झालं की दिवसभर पाणी वाहणारी, वाकून भात लावणारी कंबर एरवी सोसते ते सोसेनाशी होते. शिवाय झोप उडालेली असली तर वेदना आणखी तीव्र जाणवते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात संवेदना आणि भावना दोन्ही आहेत, आणि वेदना होते असं सांगणाऱ्याच्या सांगण्याचा मान राखावा असं २०२० च्या सुधारणेत स्पष्ट लिहिलं आहे. तेव्हा "मनाचे खेळ आहेत" हे वाक्य डॉक्टरांनी आता तरी सोडून द्यावं. ते शास्त्राला धरून नाही.

आणि हे फक्त हळदोण्याच्या किंवा आपल्याच बायकांचं नाही. १९९९ मध्ये छापल्या गेलेल्या, १४ देशांतल्या १५ केंद्रांच्या एका पाहणीत बंगळुरूचाही समावेश होता. नैराश्य असलेल्या ११४६ रुग्णांपैकी ६९ टक्के जण डॉक्टरांकडे आले ते निव्वळ शारीरिक तक्रार घेऊन. थेट विचारल्यावर मात्र मनाचं काही नाहीच म्हणणारे राहिले अवघे ११ टक्के. म्हणजे विचारलं तर बहुतेक जण सांगतात.

आता गोष्टीचा दुसरा भाग, आणि तो मला पहिल्याहून मोलाचा वाटतो. निदान कळलं, उपचाराचं काय?

गोव्यातल्या दोन जिल्हा रुग्णालयांच्या ओपीडीत पटेलांच्या गटाने ४५० रुग्णांवर एक काटेकोर चाचणी केली. काहींना फ्लुऑक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, काहींना गोळीऐवजी समुपदेशन. २००३ मध्ये निकाल आला. दोन महिन्यांनंतर औषधाचा गुण दिसत होता. समुपदेशनाचा दिसला नाही. नुसत्या पोकळ गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही.

ज्या माणसाने माणसांशी बोलण्यावर आपलं सगळं काम उभं केलं, त्याच्या हाती हा निकाल आला. तो जसाच्या तसा 'लॅन्सेट'मध्ये छापला गेला. संशोधकाची खरी परीक्षा इथे होते, असं मला वाटतं. त्याच वर्षी पटेलांचं 'व्हेअर देअर इज नो सायकायट्रिस्ट' हे आरोग्य कार्यकर्त्यांसाठीचं पुस्तकही आलं. जिथे मनोविकारतज्ज्ञ नाही तिथे काय करायचं, हे सांगणारं. पण बोलून बरं करता येतं याचा पक्का पुरावा अजून हातात नव्हता.

मग मांडणी नव्याने झाली. रुग्ण रुग्णालयात येईल ही अपेक्षा सोडून गावाजवळच्या आरोग्य केंद्रातच माणूस बसवायचा. तो डॉक्टर नसेल, मानसशास्त्राचा पदवीधरही नसेल. स्थानिक बायका निवडल्या गेल्या, दोनेक महिन्यांचं प्रशिक्षण दिलं गेलं. त्यांचं काम ओपीडीत आलेल्या रुग्णांना एक छोटी प्रश्नावली विचारणं, ज्यांना गरज आहे त्यांच्याशी बसून बोलणं, पाठपुरावा ठेवणं. आजार जास्त असेल तर डॉक्टर औषध देतील, त्याहून अवघड असेल तर मनोविकारतज्ज्ञ बघतील. या प्रकल्पाचं नाव 'मानस'.

पहिल्याच भेटीत नैराश्य, मानसिक आजार असले शब्द टाळायचे, असं ठरलं होतं. 'वेड' चिकटण्याची भीती एवढी की ती नावं ऐकून लोक पुन्हा फिरकत नसत. सुरुवात व्हायची रुग्णाच्याच तक्रारीपासून. कंबर दुखते ना, झोप येत नाही ना? मग काळजी आणि दुखणं एकमेकांना कसं वाढवतात ते समजावून सांगायचं. ताण आला की खांदे आणि मान कशी आवळली जाते, श्वास कसा उथळ होतो, हे त्या बाईला स्वतःच्या अंगावर ओळखायला लावायचं आणि श्वासाचा व्यायाम तिथेच करून घ्यायचा. मग हळूहळू घरातल्या नात्यांकडे वळायचं: भांडण कशावरून, बोलणं कुणाशी तुटलंय, मदत कोण करू शकेल. यात कंबर खोटी आहे असं कुणी एकदाही म्हणत नाही. दुखणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी पूर्ण खरं मानलेलं असतं.

२००७ ते २००९ या काळात १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने यांत ही चाचणी चालली. २७९६ रुग्ण. निम्म्या ठिकाणी समुपदेशक, निम्म्या ठिकाणी नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी समुपदेशक असलेल्या सरकारी केंद्रांत निदान पक्कं झालेल्या रुग्णांपैकी बरे झालेले होते ६५.९ टक्के. समुपदेशक नसलेल्या केंद्रांत ४२.५ टक्के. वर्षभराच्या पाठपुराव्यात सरकारी केंद्रांतल्या रुग्णांमध्ये आत्महत्येचे बेत आणि प्रयत्न ३६ टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टर नसलेल्या, गावातल्याच बाईने हे करून दाखवलं होतं. २०१० मध्ये हा निकाल जाहीर झाला, तेव्हा गरीब देशांत मानसोपचार परवडणार नाहीत या जुन्या युक्तिवादाची हवाच गेली.

खासगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. तिथे समुपदेशक असो वा नसो, बरे होणाऱ्यांचं प्रमाण साधारण सारखंच राहिलं, आणि सरकारी केंद्रांतल्या चांगल्या निकालाइतकंच राहिलं. म्हणजे तिथला रुग्ण नेहमीच्या उपचारांनीही बरा होत होता. पिढ्यान्‌पिढ्यांचा ओळखीचा फॅमिली डॉक्टर, ज्याला सासू-सुनेचं माहीत असतं, जो घाई करत नाही, तो कदाचित नकळत समुपदेशनच करत असेल. हा माझा तर्क. पण तो खरा असेल तर सरकारी ओपीडीच्या रांगेत नेमकं काय हरवलंय, तेही त्यातून कळतं.

यानंतर गोव्यात उपचार आणखी आटोपशीर केले गेले. औषधांशिवाय, नुसत्या भेटींवर उभा असलेला कार्यक्रम: तीव्र नैराश्याच्या रुग्णासाठी सहा ते आठ भेटी, प्रत्येकी अर्ध्यापाऊण तासाची, आरोग्य केंद्रात नाहीतर रुग्णाच्या घरी. त्यामागची कल्पना फार साधी आहे. खचलेला माणूस आवडीची कामं सोडतो, सोडली की आणखी खचतो. मन ठिकाणावर येईल मग करीन, असं तो म्हणतो. इथे उलट जायचं. मन नसताना एक छोटं काम ठरवायचं. संध्याकाळी शेजारणीकडे दहा मिनिटं बसणं, देवळात किंवा चर्चमध्ये जाणं, सोडून दिलेली परसबाग पुन्हा शिंपणं. कधी केलं आणि त्यानंतर कसं वाटलं, ते पुढच्या भेटीत बोलायचं. दुखण्याच्या रुग्णाला याचा दुहेरी फायदा होतो, कारण पडून राहिल्याने अंगही आखडतं आणि मनही. ४९५ रुग्णांवर, १० आरोग्य केंद्रांत याची चाचणी झाली. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आणि एक आकडा असा होता ज्यावर मी वाचताना थांबले. उपचार घेतलेल्या बायकांनी सांगितलेली नवऱ्याची मारहाणही जवळपास निम्म्यावर आली होती. त्या बाईच्या पायात बळ आलं आणि घरातलं काहीतरी हललं, एवढंच म्हणता येतं.

या समुपदेशकांवर देखरेख कोणाची, हा कळीचा प्रश्न होता, कारण तज्ज्ञ तर कमीच. गोव्याच्या गटाने तोही सोडवला. भेटींचं ध्वनिमुद्रण व्हायचं आणि समुपदेशक आठवड्याला एकत्र बसून एकमेकांच्या भेटी ऐकायचे, गुण द्यायचे: रुग्णाचं बोलणं मध्येच तोडलं का, सल्ले देण्याची घाई केली का. तज्ज्ञांच्या गुणांशी या गुणांचा ताळमेळ लागतो का, तेही तपासलं गेलं.

गोव्यातली ही रीत विदर्भात आली ती शेतकरी आत्महत्यांच्या सावटाखाली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाच्या कार्यक्रमात गावातलेच आरोग्य कार्यकर्ते आणि समुपदेशक तयार केले गेले. आधी नैराश्याच्या रुग्णांपैकी उपचारापर्यंत पोचणारे होते ४.३ टक्के. दीड वर्षाने ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. सहापट वाढ, आणि तरीही दर चारांतले जवळपास तीन जण बाहेरच. मध्य प्रदेशात सिहोर जिल्ह्यात आशाताईंना हेच प्रशिक्षण मोबाइलवरून देण्याचं काम पटेलांच्या गटाने हाती घेतलं. तज्ज्ञांनी गावोगाव जाऊन शिकवणं शक्य नाही, आशाताई मात्र प्रत्येक गावात आहे.

ही आशाताई आधीच लसीकरण, गरोदर बायका, क्षयरोग, सर्वेक्षणं यांच्या ओझ्याने वाकलेली आहे. तिच्या कामात आणखी एक काम घालायचं तर त्याचं मानधन वेगळं मिळालं पाहिजे आणि तिच्या स्वतःच्या थकव्याकडेही कुणीतरी बघितलं पाहिजे. संशोधन जे करून दाखवतं ते सरकारी आदेशाच्या एका ओळीत उतरवलं की मरतं, असं आपण अनेकदा पाहिलं आहे. गोव्यात आकडे आले ते प्रशिक्षण, दर आठवड्याची देखरेख आणि बोलायला राखून ठेवलेला वेळ यांच्या जोरावर. त्यातली देखरेख वगळून उरलेलं राबवलं तर ६४ टक्क्यांची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आणि ओपीडीतल्या त्या स्टुलापाशी अजून फारसं काही बदललेलं नाही. कंबरदुखीच्या केसपेपरवर झोप कशी आहे, कशात मन लागतं का, घरी कुणी हात उगारतं का, असे प्रश्न छापलेले नसतात. ते छापायला यंत्र लागत नाही, नवं औषध लागत नाही. लागतात प्रत्येक रुग्णामागे काही मिनिटं, आणि पुढच्या खोलीत त्या उत्तरांसाठी बसलेली एक प्रशिक्षित बाई, जिला दर महिन्याला वेळेवर पगार मिळतो.